तुमचे प्रश्न : सायकल आणि आरोग्य

प्रश्न : आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमधला मित्र (वय 44) त्र्यंबक रोडवर खडीवरून घसरला. डावं कॉलरबोन मोडलं. ऑपरेशन नको म्हणाले, स्लिंग दिली आहे. दहा दिवसांतच घरात बसून चिडचिड सुरू झालीय. पुन्हा सायकल कधी? आम्ही काय करावं? वाचायला काही सुचवा.
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आधी स्लिंग बघा. कोपर काटकोनात, मनगट कोपरापेक्षा किंचित वर हवं. पट्टा सैल पडला की हाताचं सगळं वजन खांद्याला खाली ओढतं आणि रात्री ठणका लागतो. दिवसातून चार-पाच वेळा हात बाहेर काढून बोटं, मनगट, कोपर हलवायचं. हे टाळलं की हाड जुळतं, पण कोपर आखडून बसतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर झोक्याचा व्यायाम : चांगल्या हाताने टेबल धरून वाकायचं, दुखरा हात लोंबता सोडायचा आणि अंग हलवून वाटीएवढी वर्तुळं काढायची. खांद्याने जोर लावायचा नाही. साधारण सहा आठवड्यांच्या एक्स-रेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये. बोटं बधिर झाली, दम लागला किंवा हाडावरची कातडी ताणून पांढरी पडली, तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा. तंबाखू असेल तर बंद. हाड जुळायला उशीर होतो.

दुखणं ओसरलं की डॉक्टरांना विचारून होम ट्रेनर (सायकल घरातच जागच्या जागी चालवायचा स्टँड) चालतो. ताठ बसून, हँडलवर भार न देता, गप्पा मारता येतील अशा वेगाने 15-20 मिनिटं. धोका पेडल मारण्यात नाही, चढण्या-उतरण्यात आहे. बाजूला पाट ठेवा आणि कुणीतरी उभं राहा. घामाने काखेत पुरळ येतं, म्हणून सुती कापडाची घडी आणि समोर पंखा.

रस्त्यावर बहुतेकांना 8 ते 12 आठवड्यांनी परवानगी मिळते. खड्ड्याचा दणका हँडलमधून थेट कॉलरबोनला जातो, त्यामुळे आधी भिंतीवर, मग ओट्यावर हात टेकून जोर काढता आले पाहिजेत आणि डाव्या हाताने ब्रेक करकचून दाबता आला पाहिजे. पहिली फेरी गंगापूर धरणाकडे, टायरमध्ये हवा जरा कमी ठेवून. कसारा घाट राहू द्या.

ग्रुपने सगळ्यांनी एकाच रविवारी मिठाई घेऊन धडकू नये. वाटणी करा : एक्स-रेला कारने कोण नेणार, ट्रेनरपाशी संध्याकाळी कोण थांबणार, सायकल मेकॅनिककडे कोण टाकणार. डावीकडे पडल्यामुळे उजवीकडचा डीरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) बहुधा वाचला असेल; डावा ब्रेक लिव्हर, पेडल, हँडलची सरळ रेघ, रिम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मात्र तपासून घ्या. आणि हो, राइडचे स्क्रीनशॉट त्याला पाठवू नका.

वाचायला इटालियन सायकलपटू फिओरेंझो मान्यी शोधा. 1956 च्या जिरो द'इतालियात (इटलीची अनेक टप्प्यांची सायकल शर्यत) कॉलरबोन मोडल्यावर त्याने हँडलला ट्यूब बांधली, ती दातांत धरून चढ चढला आणि शर्यतीत दुसरा आला. हे वाचायचं, करायचं नाही! त्यापेक्षा डच सायकलपटू अ‍ॅनेमीक व्हॅन व्ल्युटन जवळची वाटेल : 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पडून कमरेच्या मणक्यांना फ्रॅक्चर, पुढे टोकियोत टाइम ट्रायलचं (एकेकट्याने घड्याळाशी शर्यत) सुवर्ण. 1923 मध्ये मुंबईहून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघून 1928 मध्ये परतलेल्या पारशी तरुणांचं प्रवासवर्णनही आहे. घरचंच हवं तर 2015 मध्ये दोघांच्या टीमने ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण करणारे नाशिकचे डॉ. महाजन बंधू आहेतच. पुस्तक जाडजूड नको. एका हाताने पेलवत नाही.

प्रश्न : पडलो, पण हेल्मेटला तडा नाही. वापरू का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : डोकं आपटलं असेल तर नको. आतला थर्मोकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही आणि दबलेला बाहेरून दिसतोच असं नाही. टाकताना पट्टे कापा, नाहीतर भंगारातून ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाईल.