क्यू-कार्बनमधला ‘क्यू’ मराठीत कसा सांगावा?

प्रश्न असा आहे: ‘क्यू-कार्बन’ या कार्बनच्या नव्या रूपाबद्दल मराठीत लिहायचे आहे. त्यातला क्यू हा ‘क्वेंच्ड’ या शब्दाचा. कोशात ‘क्वेंच’पुढे विझवणे, शमवणे, भागवणे असे अर्थ मिळतात. मग ‘शमित कार्बन’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते चालू नये. आग विझते, तहान भागते, राग शमतो. पण हा ‘क्वेंच’ धातुकामातला आहे आणि त्याच्यासाठी मराठीत मुरलेला शब्दप्रयोग आहे: पाणी देणे. लोहार विळ्याचे पाते लालबुंद तापवतो आणि पाण्यात बुडवतो. चर्र आवाज होतो, वाफ उसळते, पाते कडक होते. सावकाश निवले असते तर पोलादातल्या अणूंना सोयीच्या जागा धरायला वेळ मिळाला असता. एकाएकी थंड झाल्यामुळे कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये अडकून पडतात, आणि त्या ओढाताणीतून कठीणपणा येतो.

२०१५ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात जगदीश नारायण यांच्या गटाने जे जाहीर केले, ते याच जातीचे काम आहे. काचेसारख्या आधारावर कार्बनचा पातळ थर चढवायचा. हा कार्बन अस्फटिकी, म्हणजे ज्यातल्या अणूंची ठरावीक मांडणी नाही असा. त्यावर सुमारे २०० नॅनोसेकंदांचा लेसरचा एकच झोत सोडायचा. तापमान ४,००० केल्विनच्या घरात जाते, थर वितळतो आणि क्षणात थंड होतो. हवेचा दाब नेहमीचाच. सावकाशीने निवायला मिळाले तर कार्बन ग्राफाइटकडे वळतो, कारण साध्या दाबाला तेच त्याचे सर्वांत स्थिर रूप. इथे ती सवडच मिळत नाही.

‘शमित’ नेमका इथे फसतो. शमलेला, शांत बसलेला कार्बन म्हणजे ग्राफाइट. क्यू-कार्बन हा शमण्याआधीच अडवलेला आहे. शब्द अर्थाच्या थेट उलट बाजूला जाऊन बसतो.

मग ‘पाणी दिलेला कार्बन’ म्हणावे का? मोह मलाही झाला. ‘तलवारीचे पाणी’, ‘पाणीदार हिरा’ या प्रयोगांशी त्याचे नाते जुळते, आणि कार्बनविषयी लिहिताना हिरा जवळ असलेला बराच. पण आज ‘पाणी दिले’ म्हटले की आधी पीक डोळ्यांसमोर येते, आणि या प्रयोगात पाण्याचा थेंबही नाही. म्हणून उपमा म्हणून तो एकदा जरूर आणावा, नाव म्हणून नको.

माझी पसंती ‘थिजवलेला’ला आहे. तूप थिजते ते हळूहळू, हे खरे. पण माणूस भीतीने जागच्या जागी थिजतो, त्यात हवी असलेली अचानकता पुरेपूर आहे. ‘वितळलेला कार्बन जागच्या जागी थिजवला’ हे वाक्य शाळकरी मुलालाही कळते. नाव मात्र क्यू-कार्बनच ठेवावे.

‘सापडला’ हे क्रियापदही टाळावे. निसर्गात तो असलाच तर काही ग्रहांच्या गाभ्यात असेल, असे खुद्द नारायण यांनी म्हटले होते. तेव्हा ‘तयार केला’ किंवा ‘शोध लागला’ ठीक.

उपयोगांबद्दल लिहिताना काळजी हवी ती क्रियापदाच्या काळाची. तो हिऱ्याहून कठीण आहे, लोहचुंबकीय आहे आणि कमी ऊर्जेतही इलेक्ट्रॉन बाहेर सोडतो, असा या गटाचा दावा. त्यावरून टीव्ही-मोबाइलचे असतात तसे पडदे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे, हत्यारांवरचे लेप अशा शक्यता मांडल्या गेल्या. थंड होण्याचा वेग बदलला तर याच पद्धतीने हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण आणि सुया बनवता येतात, असेही त्यांनी दाखवले. त्यातल्या सुया औषध टोचायला चालतील ही त्यातलीच एक कल्पना. या सगळ्यापुढे ‘होतो’ नव्हे, ‘होऊ शकेल’ लिहावे.

तुमच्या लेखात पहिल्या उल्लेखाला एवढे पुरे: ‘क्यू-कार्बन, म्हणजे लेसरने वितळवून, अणूंना जागा धरू न देता थिजवलेला कार्बन’. पुढे सगळीकडे नुसते क्यू-कार्बन.