पाणी तापतंय, पण नेमकं कधी?

प्रश्न : माझ्याकडे 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे. ठाण्यात भर दुपारच्या कोंडीतसुद्धा तापमानाची सुई मधोमध असते. नाशिकला जाताना कसारा घाट लागला की दहा मिनिटांत लालला टेकते. वर्षभरात वॉटर पंप, रेडिएटरची कॅप आणि होजपाइप बदलून झाले. मेकॅनिकने थर्मोस्टॅटही (पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप) काढून टाकला. काहीच फरक नाही. आता तो हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवू म्हणतोय. उतरवू द्यावं का? (ठाणे)

उत्तर : एवढ्यात नको. निम्मं निदान तुमच्याच पत्रात आहे. उभ्या उभ्या तापणाऱ्या गाडीला हवा कमी पडत असते : पट्टा ढिला, पंख्याची पाती उलटी बसवलेली, जाळीत कचरा. वेगात किंवा चढावर तापणाऱ्या गाडीत पाणी पुरेसं फिरत नसतं, नाहीतर इंजिनच नको तेवढी उष्णता करत असतं. कोंडीत तुमची सुई जागची हलत नाही, म्हणजे पंख्याकडे बघायची गरज नाही.

पहिला संशय रेडिएटरवर. गाडी चांगली तापू द्या, इंजिन बंद करा, पंखा थांबला की रेडिएटरवर तळहात जवळ धरून सावकाश फिरवा. ऊब वरून खाली एकसारखी कमी होत गेली पाहिजे. मधेच एखादा उभा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्या आहेत. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी भरलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. शहरात इंजिनावर भार कमी, त्यामुळे उरलेल्या नळ्यांवर भागून जातं. घाटात भागत नाही. अशा वेळी नुसतं फ्लशिंग करून पैसे घालवू नका. रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून सफाई) करून घ्या. जुना पितळी रेडिएटर नीट दुरुस्त होतो, तो भंगारात देऊ नका.

दुसरा संशय खालच्या होजवर. ही नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला असते. इंजिन गरम असताना एकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून मिनिटाला 2500-3000 फेरे ठेवावेत, दुसऱ्याने टॉर्च मारून नळीकडे बघावं. ती आत चिपकत (चपटी होत) असेल तर ऐन वेगात पाण्याची वाटच बंद होते. नवी नळी म्हणजे चांगली नळी असं धरून चालू नका; बाजारातल्या पातळ रबराच्या नव्या नळ्याही चिपकतात. आत स्प्रिंग घालता येते किंवा जाड कापडी थराची नळी मिळते.

तिसरी गोष्ट टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ. इग्निशन मागे गेलं असेल तर जळण उशिरा होतं आणि उष्णता एग्झॉस्टकडच्या भिंतींतून पाण्यात उतरते. लक्षणं साधी : चढावर ओढ कमी, पेट्रोल जास्त. आधी पॉइंटची (ठिणगीच्या करंटची उघडझाप करणाऱ्या संपर्काची) गॅप लावा, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला तर टायमिंग पुन्हा हलतं.

इंजिन गार असताना ब्लॉकचा (इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याचा) ड्रेन कॉकही, म्हणजे पाणी काढायचा नळ, उघडून बघा. पाणी आलंच नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका; तोंडाशी गंजाचा चिखल बसलेला असतो. तारेने टोचा. मागच्या सिलिंडरभोवती हाच चिखल साचतो. मात्र तो काढायला धुण्याचा सोडा किंवा अ‍ॅसिड घालू नका. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते पोखरलं जाईल. थर्मोस्टॅट बाहेर ठेवून, साध्या नळाच्या दाबाने, उलट दिशेने पाणी सोडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत चालू ठेवा.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवा. त्याशिवाय इंजिन सपाट रस्त्यावर गार राहतं, तेलात चिकटा धरतो, पेट्रोल वाढतं. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने टांगा, शेजारी थर्मामीटर धरा (तोही तळाला टेकू देऊ नका) आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो हलायला लागला पाहिजे आणि आणखी 10-12 अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

हेड उतरवायचा निर्णय पुराव्यावर घ्या. गार इंजिन, कॅप उघडी, पाणी तोंडापर्यंत. स्टार्ट करा. हवा निघून गेल्यावरही बुडबुडे येतच राहिले, किंवा गार इंजिनावर कॅप लावून मिनिटभरात वरची नळी टणक झाली, तर हेडखालच्या गॅस्केटमधून (पॅकिंगमधून) गॅस पाण्यात शिरतोय. शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) एकदम कमी आलं तर शंकाच उरत नाही. यातलं काही नसेल तर हेडला हात लावू नका.

प्रश्न : जुनी अ‍ॅम्बॅसेडर, 1489 सीसी. रोज सकाळी रेडिएटर तोंडापर्यंत भरतो, दुसऱ्या दिवशी दोन बोटं पाणी कमी. गळती कुठेच दिसत नाही. (सांगली)

उत्तर : बहुधा गाडीत दोष नाही, तुम्ही जास्त भरताय. या गाडीला मुळात जादा पाण्यासाठी वेगळी बाटली नव्हती. पाणी तापलं की फुगतं, जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर पडतं, आणि गार झाल्यावर पातळी खाली दिसते. आठवडाभर भरू नका. सकाळी गार इंजिनावर, स्वच्छ काडी तोंडातून वरच्या टाकीच्या तळाला टेकवून मोजा आणि काडीवर खूण करा. पातळी एका जागी थांबली तर तीच तिची पातळी.

खूण रोज खाली सरकत असेल तर शोधा : पंपाखालच्या बारीक भोकातून ठिबकतंय का, ब्लॉकच्या वेल्च प्लगभोवती (ब्लॉकची भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्यांभोवती) तांबूस ओघळ आहे का, हीटर असल्यास पुढचा गालिचा ओला आहे का. चार स्पार्क प्लग काढून शेजारी ठेवा. एकच धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

प्रश्न : घाटात पाणी उकळलं तर लगेच गार पाणी ओतावं का? (महाड)

उत्तर : नाही. इंजिन बंद, बॉनेट उघडं, कॅपला हात नाही. निदान अर्धा तास थांबा. मग जाड फडकं धरून कॅप पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, वाफ जाऊ द्या, नंतर काढा. इंजिन सुरू करून पाणी थोडं थोडं घाला. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडलं तर ते तडकतं किंवा वाकतं. घरी आल्यावर ते पाणी काढून टाका आणि डिस्टिल्ड पाण्यात निम्मं हिरवं कूलंट भरा. दोन वर्षांनी बदला.