फॉर्म भरलायस ना, मग ब्रश खाली ठेव

अगं,

तुझा रात्री साडेबाराचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. चित्राचा फोटो पण बघितला. एसटी स्टँडच्या बाकड्यावर आजी, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली, मागे नुसती पिवळट भिंत. आणि तू विचारतेस, सर, भिंत रिकामी वाटते का, सीनियर म्हणतात टेक्श्चर टाक, थोडा सोनेरी वर्ख लाव, ज्युरीची नजर अडकली पाहिजे, प्रदर्शनाच्या सबमिशनला सहा दिवस आहेत, काय करू?

काही करू नकोस. फॉर्म भरला की चित्राला ब्रश लावायचा नाही.

मी लावला होता. गवार निवडत बसलेली आई, ऑइलमधे, तीन बाय चार फूट, आणि मागे आमच्या स्वयंपाकघराची भिंत, धुराने काळवंडलेली, बाकी काहीच नाही. मग आदल्या वर्षीचा प्रदर्शनाचा कॅटलॉग हातात पडला, त्यात ज्याच्या त्याच्या चित्रात खिडक्या, कबुतरं, देवळाचे कळस. मी दोन रात्री जागून भिंतीत खिडकी काढली. रंग ओला असतानाच पॅक केलं, तर वर्तमानपत्राची अक्षरं उलटी उमटली खिडकीवर, ती पुसून परत रंगवली. आणि चित्र सिलेक्ट झालं! आई मुद्दाम गाडीने मुंबईला आली, लुगड्याचा पदर सावरत चित्रापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ही खिडकी कुठली रे? त्या भिंतीला खिडकी कधी होती आपल्याकडं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

चित्रकार अमृता शेरगिलचं तीन मुलींचं चित्र बघ, दिल्लीला नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमधे आहे. तीन मुली, मागे जवळजवळ काहीच नाही. 1937 ला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. त्याआधी 1935 ला शिमल्याच्या प्रदर्शनात तिची काही चित्रं नाकारली आणि एकाला बक्षीस दिलं, तर तिने ते बक्षीसच परत केलं. तू बक्षीस परत कर असं मी म्हणत नाहीये, पण तुझी भिंत तरी ज्युरीला देऊ नकोस.

त्या खिडकीनंतर मी बरीच वर्षं कुठेच एंट्री पाठवली नाही. लोक म्हणाले घमेंडी आहे, घाबरला. असेल थोडी भीतीही. पण मला माहीत होतं की तारीख जवळ आली की माझा हात ऐकत नाही, म्हणून मी तारखेपासूनच लांब राहिलो आणि त्या वर्षांत मी जे रंगवलं त्यात एकही खोटी खिडकी नाही, हे मी कुणालाही सांगेन. तुला मात्र लांब राहायचं नाहीये, तू पाठव, दरवर्षी पाठव, फक्त फॉर्म भरल्यावर हात लावू नकोस. किती वेळा सांगू?

आणि हो, पहिली निवड फोटोवरूनच आहे ना, मग तुझा फोटो वाईट आलाय. ट्यूबलाइटमुळे भिंत हिरवी दिसते, आजीच्या कपाळावर चमक आलीये. चित्र दाराजवळ सावलीत उभं कर, सकाळी दहाच्या सुमारास, फ्लॅश बंद, मोबाइल चित्राच्या बरोबर मधोमध धर, कडा तिरक्या येऊ देऊ नकोस. फ्रेमला साधी पट्टी पुरे.

नवीन फोटो आधी मला पाठव. आणि तो वर्ख आणलायस का? आणला असशील तर उद्या दुकानात परत देऊन ये.

तुझे सर