सोचीत किम युनाला लुटलं का? स्केटिंगचा गुणतक्ता कसा वाचायचा

तुमचा प्रश्न असा आहे: लातूरच्या तुमच्या ग्रुपवर रशियातल्या सोचीच्या 2014 हिवाळी ऑलिंपिकचा व्हिडिओ फिरायलाय. त्यात कोरियाच्या किम युनाने एकही चूक केली नाही, रशियाची अदेलिना सोत्निकोवा एका ठिकाणी उतरताना अडखळली, तरी सुवर्ण सोत्निकोवाला मिळालं. सगळे 'जज विकले' म्हणायलेत. ते खरं का? आणि महिलांच्या फिगर स्केटिंगमध्ये दर ऑलिंपिकला हीच बोंबाबोंब का होते?

कुणी विकलं गेलं का, हे व्हिडिओ बघून कळत नाही. कुठला गुण कुठून आला, हे मात्र दशांशापर्यंत कळतं. प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना प्रत्येक खेळाडूचा तपशीलवार तक्ता जाहीर करते, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. लातूरकरांना वेगळं सांगायला नको, ही बोर्डाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रतच समजा. ती न बघता 'कमी मार्क दिले' म्हणण्यात अर्थ नाही.

सोचीचा हिशोब असा. स्पर्धेचे दोन भाग असतात, छोटा शॉर्ट प्रोग्राम आणि मोठा फ्री स्केट, आणि दोन्हींची बेरीज धरतात. शॉर्ट प्रोग्रामनंतर किम 74.92, सोत्निकोवा 74.64, म्हणजे किम 0.28 ने पुढे. फ्री स्केटमध्ये सोत्निकोवा 149.95, किम 144.19. एकूण 224.59 विरुद्ध 219.11. फ्रीमधले हे 5.76 चे अंतर फोडून बघा. उड्या, गिरक्या आणि पदन्यास यांच्या मूळ किमतीची बेरीज सोत्निकोवाची 61.43, किमची 57.49. इथेच 3.94 चा फरक पडला. त्या गोष्टी किती चांगल्या केल्या याचे वाढीव गुण सोत्निकोवाला 14.11, किमला 12.20, म्हणजे आणखी 1.91. आणि ज्याला लोक 'कला' म्हणतात त्या भागात किम 74.50, सोत्निकोवा 74.41. तिथे किमच पुढे आहे, पण फक्त 0.09 ने.

मूळ किमतीतला फरक कुठल्या जजने दिलेला नाही. सोत्निकोवाने सात ट्रिपल, म्हणजे हवेत तीन फेऱ्यांच्या, उड्या मारल्या, किमने सहा. (डबल म्हणजे दोन फेऱ्या, क्वाड म्हणजे चार; लट्झ, फ्लिप, लूप, सालकाव, टो लूप, ॲक्सल ही उड्यांची नावं.) किमच्या कार्यक्रमात ट्रिपल लूप नव्हतीच. सोत्निकोवाने डबल ॲक्सलला ट्रिपल टो लूप जोडली होती, किमने डबल ॲक्सलला दोन डबल जोडल्या. पदन्यासाला सोत्निकोवाला चौथी लेव्हल, म्हणजे अवघडपणाची पायरी, मिळाली, किमला तिसरी. सोत्निकोवा अडखळली त्या जोडउडीचे गुण कापलेही गेले. ते कापूनही ती पुढे राहिली.

प्रेक्षक चुका मोजतो आणि ही पद्धत माल मोजते. भांडणाचं मूळ मला इथंच दिसतं. 2018 पासूनच्या मूळ किमतींच्या तक्त्यात ट्रिपल लट्झ 5.90, ट्रिपल फ्लिप 5.30, ट्रिपल लूप 4.90, ट्रिपल सालकाव 4.30, ट्रिपल टो लूप 4.20, ट्रिपल ॲक्सल 8.00 आणि क्वाड लट्झ 11.50. त्यावर प्रत्येक परीक्षक उणे 5 ते अधिक 5 असा दर्जाचा आकडा देतो आणि त्यातली एकेक पायरी मूळ किमतीच्या दहा टक्के असते. आता पूर्ण फिरून क्वाड लट्झवरून पडलेल्या मुलीचं गणित करा. 11.50 मधून निम्मे, म्हणजे 5.75 गेले, शिवाय पडल्याचा 1 गुण वजा. हाती 4.75. नीट उतरलेली साधी ट्रिपल टो लूप 4.20. पडलेलीला जास्त! हीच गोष्ट ट्रिपल लट्झवर केली तर 5.90 वजा 2.95 वजा 1 म्हणजे 1.95 उरतात आणि साधी डबल लट्झ 2.10 ची असते, तिथे पडणं परवडत नाही. म्हणून 'पडूनही नंबर कसा?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कशावरून पडली ते विचारायचं. तिसऱ्यांदा पडली की वजावट 2 गुणांची होते.

आता जजकडे. नऊ परीक्षक असतात. प्रत्येक घटकावर सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून टाकतात आणि उरलेल्या सातांची सरासरी घेतात. समजा एका ट्रिपल लट्झवर पाच जणांनी 2 दिले, चौघांनी 3. सरासरी 2.43. आता पाचांपैकी एकाने आपल्या देशाच्या मुलीसाठी 2 चे 5 केले. नवी सरासरी 2.57. गुणांत फरक किती? साधारण 0.08. परीक्षक आपल्या देशाच्या खेळाडूला थोडं झुकतं माप देतात हे अभ्यासांतून दिसलं आहे, ते मी नाकारत नाही. पण एकट्या जजला एका उडीवर एवढंच करता येतं. निकाल फिरवायचा तर सगळ्या घटकांवर आणि तोही गटाने फिरवावा लागतो.

खरी ताकद टेक्निकल पॅनेलकडे असते आणि त्यांच्याविषयी आपले लोक चकार शब्द काढत नाहीत. हे नऊ परीक्षकांपेक्षा वेगळे. एक कंट्रोलर, दोन स्पेशालिस्ट, शिवाय डेटा आणि रिप्ले सांभाळणारे. कुठली उडी झाली, ती पूर्ण फिरली का, कडा बरोबर होती का, गिरकीची लेव्हल किती, हे ते ठरवतात. उडी बरोबर पाव फेरी कमी पडली तर प्रोटोकॉलमध्ये तिच्या नावापुढे 'क्यू' लागतो, मूळ किंमत तीच राहते पण परीक्षकांना दर्जा उतरवावा लागतो. पावपेक्षा जास्त पण अर्ध्यापेक्षा कमी राहिली तर एक बाण लागतो आणि किंमत 80 टक्क्यांवर येते. अर्धी किंवा त्याहून जास्त राहिली तर दोन बाण, आणि ट्रिपलची किंमत थेट डबलची होते.

उदाहरण घ्या. ट्रिपल लट्झ स्वच्छ, दर्जा अधिक 2, एकूण 7.08. त्याच उडीला एक बाण लागला आणि परीक्षकांनी उणे 2 दिले तर 4.72 वजा 0.94, म्हणजे 3.78. एका बाणाने 3.30 गेले. सोचीतल्या दोघींमधलं सगळं अंतर 5.48 होतं, हे लक्षात घ्या.

कडेचा वाद याहून किचकट. लट्झ आणि फ्लिप दोन्ही उलट्या दिशेने सरकत, दुसऱ्या पायाच्या टो पिकने, म्हणजे ब्लेडच्या पुढच्या दातांनी, बर्फ टोचून मारतात. फरक फक्त टेकूच्या पायाखालच्या ब्लेडच्या कडेचा. लट्झला बाहेरची कडा, फ्लिपला आतली. लट्झला निघालेल्या अनेक मुलींचा घोटा शेवटच्या क्षणी आत झुकतो आणि उडी फ्लिपचीच होते. मग 'ई' लागला तर किंमत 80 टक्के, नुसतं उद्गारचिन्ह लागलं तर फक्त दर्जा उतरतो. सोचीबद्दल कोरियन चाहत्यांचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच होता: सोत्निकोवाच्या लट्झची कडा चुकीची होती, तिला जोडलेली टो लूप पूर्ण फिरली नव्हती आणि पॅनेलने दोन्ही सोडून दिलं. माझ्या मते या आक्षेपात दम आहे. 'ती अडखळली तरी जिंकली' यात नाही.

दुसरी शंकेची जागा म्हणजे कलेचा भाग. 2022 पर्यंत त्याचे पाच निकष होते, नंतर तीन झाले: रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. प्रत्येकाला दहापैकी गुण, पाव-पाव गुणाच्या पायऱ्यांनी. महिलांच्या फ्री स्केटमध्ये या बेरजेला 2.67 ने गुणतात. म्हणजे सगळ्या परीक्षकांनी तिन्ही निकषांत पाव गुण वर सरकवला तर 0.75 गुणिले 2.67, जवळजवळ 2 गुण. कुणाच्या डोळ्यावरही येत नाही असा हा बदल. घरचं मैदान, डोक्यावर घेणारे प्रेक्षक, शेवटच्या गटात उतरणं, मोठं नाव, या सगळ्यांचा परिणाम इथे झिरपतो. सोत्निकोवाला याच भागात त्या मोसमात आधी बरेच कमी गुण मिळत होते आणि सोचीत ती किमच्या बरोबरीला आली. ज्यांना भांडायचं आहे त्यांनी हा आकडा धरून भांडावं.

उलटी उदाहरणंही आहेत. 2018 ला प्योंगचांगमध्ये अलिना झागितोवा आणि येवगेनिया मेदवेदेवा या दोघींना फ्री स्केटमध्ये नेमके 156.65 गुण होते. तांत्रिक भागात झागितोवा पुढे, कलेत मेदवेदेवा, आणि शॉर्टमधल्या 1.31 वर सुवर्ण झागितोवाला. तिने फ्रीमधल्या सातही उड्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या, कारण तेव्हा उत्तरार्धातल्या प्रत्येक उडीला दहा टक्के जादा मिळत. चाहते चिडले, 'हा नाच नाही, हिशोब आहे' म्हणाले. पण नियमात ते बसत होतं. त्याच वर्षी नियम बदलला आणि जादा गुण फ्रीमध्ये शेवटच्या तीन उड्यांना, शॉर्टमध्ये शेवटच्या एकीलाच राहिले.

2022 ला बीजिंगमध्ये अलेक्झांड्रा त्रुसोवाने फ्रीमध्ये पाच क्वाड मारले, तिथे तिचा पहिला नंबर आला (177.13), तरी सुवर्ण ॲना शेरबाकोवाला. त्रुसोवाच्या चाहत्यांना अजून ते पचलेलं नाही. गणित सरळ आहे: शॉर्टमध्ये त्रुसोवा ट्रिपल ॲक्सलवर पडली होती, 74.60 विरुद्ध 80.20, आणि फ्रीमध्ये तिने भरून काढलं फक्त 1.38.

ही पद्धत आली तीही एका भांडणातूनच. आधी 6.0 पैकी गुण देत आणि त्यावरून प्रत्येक परीक्षक क्रम लावत असे. 1994 ला ओक्साना बाइल आणि नॅन्सी केरिगन यांच्यात नऊ परीक्षक पाच-चार असे फुटले. त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेत दुसरी आलेल्या सूर्या बोनालीने पदक गळ्यातून काढून टाकलं. 2002 ला सॉल्ट लेक सिटीत जोडी प्रकारात फ्रेंच परीक्षकावर दबाव आल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. त्यानंतर आत्ताची पद्धत आली. पण सोबत एक वाईट गोष्ट आणली: कुठल्या परीक्षकाने काय दिलं हे लपवलं. सोचीत हे लपलेलंच होतं, त्यात एका परीक्षकाचा नवरा रशियन संघटनेचा मोठा पदाधिकारी. संशय वाढला तर नवल ते काय! ऑनलाइन अर्जावर वीस लाखांच्या आसपास सह्या झाल्या. 2016 मध्ये ही लपवाछपवी बंद झाली, आता प्रत्येक रकान्यावर नाव असतं.

मग कोरियाच्या तक्रारीचं काय झालं? फेटाळली गेली. नियमाने परीक्षकांच्या किंवा पॅनेलच्या मूल्यमापनाविरुद्ध तक्रार चालतच नाही. बेरीज चुकली असेल तरच दाद मिळते. आपल्याकडच्या भाषेत, गुणपडताळणी मिळते, पुनर्मूल्यांकन मिळत नाही. त्यामुळे कितीही सह्या झाल्या तरी निकाल बदलणार नव्हता.

पुढच्या वेळी ग्रुपवर वाद झाला की प्रोटोकॉल डाउनलोड करा आणि आधी मूळ किमतीच्या रकान्याखालची बेरीज बघा. तिथेच मोठा फरक असला तर वाद तिथेच संपतो. मग उडीच्या नावापुढच्या खुणा बघा: बाण, 'ई', उद्गारचिन्ह, 'क्यू'. 'एक्स' दिसला तर घाबरू नका, तो उत्तरार्धाचा जादा गुण आहे. नंतर नऊ परीक्षकांची ओळ आडवी वाचा. आठ जण 1-2 देतात आणि एकटा 5, तर त्याचा देश बघा, पण तो 5 बहुतेक काढून टाकला गेलेला असतो. नऊही जण 4-5 देत असतील आणि उडीवरून उतरताना पाऊल सुटलेलं दिसत असेल, तर मग विचारा. 4 किंवा 5 साठी उंची आणि लांबी, सुरुवात आणि उतरणं, आणि सहजपणा हे तीन निकष पूर्ण व्हावेच लागतात.

थेट प्रक्षेपणात कोपऱ्यात जे तांत्रिक गुण पळतात ते कच्चे असतात. चौकोन पिवळा झाला की ती उडी तपासणीला गेली असं समजा. कार्यक्रम संपल्यावर आकडा तीन-चार गुणांनी उतरतो आणि लोक 'चोरले' म्हणून ओरडतात, ते बहुतेक वेळा हेच बाण असतात.

स्क्रीनशॉटवर रेषा मारून फेरी मोजणाऱ्यांपासून जरा सावध राहा. पॅनेलकडे सहसा एकाच कॅमेऱ्याचा कोन असतो, टीव्हीचा कॅमेरा दुसरीकडे असतो, आणि कोन बदलला की तीच उडी पाव फेरीने वेगळी दिसते. मोजायचंच असेल तर व्हिडिओ पाव वेगाने लावा, उतरताना टो पिक बर्फाला पहिल्यांदा टेकते तीच फ्रेम थांबवा आणि ब्लेड कुठे बघतंय ते पाहा. उडी नेहमी पाठमोरी उतरते. ब्लेड प्रवासाच्या दिशेला आडवं टेकलं असेल तर पाव फेरी राहिली, पुढे तोंड करून टेकलं असेल तर अर्धी. लट्झची कडा बघायची असेल तर मागून घेतलेला कोन शोधा, बाजूच्या कोनातून घोटा आत झुकला की बाहेर ते कळत नाही.