खो-खो, 400 मीटर आणि बीएस्सी: कोणता खेळ सोडायचा?

नमस्कार ताई,

तुमची मुलगी नागपुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षी वर्गात पहिली आली, आणि खो-खो व 400 मीटर धावणं या दोन्हींत विद्यापीठाच्या संघात आहे. ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असं नातेवाईक ऐकवतात, म्हणून कोणता खेळ सोडायला सांगू, असं तुम्ही विचारलंय.

यंदा कोणताच सोडायला सांगू नका. तिच्या वेळेपेक्षा मला काळजी वाटते ती तिच्या शरीराची. खो मिळताच चौकातून उसळायचं, धावता धावता एकदम वळायचं, खांबाला वळसा घालायचा, सूर मारायचा. हा सगळा भार गुडघ्यांवर आणि घोट्यांवर येतो. त्याच संध्याकाळी ट्रॅकवर 300 मीटरच्या फेऱ्या मारल्या, तर स्नायूंना सावरायला सवडच मिळत नाही. दोन्ही प्रशिक्षक आपापल्या जागी बरोबर असतात, पण दोन्हींची बेरीज कोणी करत नाही. दोघांना एकदा एकत्र बसवा आणि आठवड्याचा एकच तक्ता करून घ्या. ट्रॅकवरच्या कठीण सरावाच्या दिवशी खो-खोचा सामना नको. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा हवा, आणि त्या दिवशी ‘हलकं जॉगिंग’ही नको.

आई म्हणून तुम्हीच विचारू शकाल असं एक आहे: तिची पाळी नियमित येते का? खूप सराव आणि अपुरं खाणं असलं की ती लांबते किंवा थांबते, आणि पुढे हाडं कमजोर होतात. मुली हे प्रशिक्षकाला सांगत नाहीत. पाळी चुकत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. सकाळच्या सरावानंतर प्लेटभर तर्री-पोह्यांवर कॉलेज गाठत असेल, तर ते पुरत नाही. सोबत दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर उसळ हवीच.

अभ्यासाची अडचण हिवाळी परीक्षेच्या सुमारास येते, कारण आंतरविद्यापीठ स्पर्धाही त्याच दिवसांत येऊ शकतात. निवड होताच शारीरिक शिक्षण संचालकांमार्फत प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बुडणारी प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करता येतील का, हे जाण्याआधीच ठरवा. परतल्यावर विनवण्या करण्यात अर्थ नसतो.

नोकरीचं म्हणाल, तर महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण स्पर्धेचा दर्जा आणि मिळवलेला क्रमांक दोन्ही पाहिले जातात. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून होते. म्हणून प्रत्येक स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रं जपा. रेल्वे दोन्ही खेळांतले खेळाडू घेते.

पुढे एकाच खेळात राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं, तर निवड करावीच लागेल. 400 मीटर ऑलिम्पिकमध्ये आहे, खो-खो अजून नाही. पण जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी तो जिंकला. संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच. त्यामुळे ऑलिम्पिक नाही म्हणून खो-खो खालचा, असं घरात कोणी म्हणू नये. तो निर्णय मुलीचाच असू द्या. नातेवाइकांना माझ्या वतीनं सांगा, तिचं छान चाललंय.

रक्ततपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्या.