वाचकांचे प्रश्न : अळूची पाने आणि युरोपची बाजारपेठ

प्रश्न : पालघर जिल्ह्यात ओढ्याकाठी आमची थोडी जमीन असून तीत वडीचा अळू उत्तम येतो. युरोपात स्थायिक झालेल्या गुजराती आणि मराठी कुटुंबांकडून या पानांना मागणी असते असे ऐकतो. मात्र मध्यंतरी तेथे बंदी होती, असेही कळले. आम्हाला पाने थेट पाठवता येतील का?

उत्तर : बंदी होती आणि ती उठलीही आहे. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांत किडी सापडल्यानंतर युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून आंबा, वांगे, कारले, पडवळ आणि अळू यांची भारतातून होणारी आयात थांबवली. अळूच्या बाबतीत बी आणि जमिनीखालचा भाग वगळला होता, म्हणजे बंदीचा रोख पानांवरच होता. आंब्याची सुटका 2015 च्या आरंभीच झाली आणि तिचा गाजावाजाही झाला. अळूला मात्र 2016 अखेरपर्यंत ताटकळावे लागले, याची फारशी कोणी दखल घेतली नाही. ज्यांचा माल स्वच्छ होता त्यांनाही या बंदीची झळ बसली, हे अन्यायाचे होते. पण कीड देशाच्या नावावर मोजली जाते आणि आजही हा नियम बदललेला नाही.

अडचण पानाच्या खालच्या बाजूला असते. तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाची मादी अळूच्या पानामागे पुंजक्याने अंडी घालते आणि त्यांवर स्वतःच्या अंगावरील तपकिरी केसांचे आवरण पसरते. घाईत पाहणाऱ्याला तो मातीचा डाग वाटतो. पांढरी माशीही तेथेच बसते. जुडी बांधल्यावर हे काहीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक पान उलटून पाहणे हेच या धंद्यातील खरे काम आहे. कीड दिसली म्हणून भरमसाट फवारणी करावी, तर दुसरे संकट उभे राहते, कारण ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश युरोपात सर्वसाधारणपणे किलोमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

कागदपत्रांत आयात-निर्यात कोड, अपेडाची (शेतीमालाच्या निर्यातीचे काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. माल अपेडामान्य पॅकहाऊसमधून, म्हणजे माल निवडून बांधण्याच्या केंद्रातून, तपासून जावा लागतो. विमानभाडे ठरवताना वजनाबरोबर आकारमानही पाहिले जाते आणि 6000 घन सेंटीमीटर जागा म्हणजे 1 किलो असा हिशेब लावतात. एकावर एक सपाट रचलेली अळूची पाने या बाबतीत मेथीपेक्षा परवडतात.

आमचे मत विचाराल, तर एवढ्या क्षेत्रावर स्वतः निर्यातदार होण्याच्या भानगडीत पडू नये. मान्यताप्राप्त पॅकहाऊस असलेल्या निर्यातदाराशी करार करून, शेताची नोंदणी करून आणि फवारणीची वही ठेवून पाने द्यावीत. खेप भरत नाही म्हणून आयत्या वेळी बाजारातून घेतलेल्या जुड्या तीत मिसळू नयेत. त्या कोणाच्या शेतातल्या आणि त्यांवर काय मारले होते, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : मुलीकडे म्युनिकला जाताना आठ-दहा पाने बॅगेतून नेली तर चालतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात जवळजवळ सर्व ताज्या वनस्पतींना आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि प्रवाशाच्या सामानालाही हाच नियम आहे. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना आहे. पाने सापडल्यास ती विमानतळावरच काढून घेतली जातात. त्यापेक्षा मुलीने तेथील भारतीय दुकानात चौकशी करावी.