बाहुली कुणाच्या हातात जाणार?

गेल्या अंकात मी क्रोशाच्या छोट्या बाहुल्यांवर लिहिलं आणि पत्रांचा गठ्ठाच आला. या प्रकाराला जपानीत अमिगुरुमी म्हणतात. ‘अमि’ म्हणजे विणलेलं, ‘नुइगुरुमी’ म्हणजे भराव घातलेलं मऊ खेळणं, आणि हे दोन जोडून हा शब्द झाला. पत्रांतले प्रश्न नेमके आहेत, पण बऱ्याच जणींनी एक गोष्ट लिहिलेलीच नाही, ती म्हणजे बाहुली कुणासाठी विणताय. मला उत्तर देताना आधी तेच लागतं. दोरा, डोळे, उंची, भराव, सगळं त्या एका माणसावरून ठरतं.

ताई, मी पहिलाच ससा विणतेय, स्वतःसाठीच. लोकरीच्या पट्टीवर ४ मिमीची सुई लिहिली होती, तीच घेतली. पण टाक्यांमधून आतला कापूस दिसतो आणि डोकं गोल न होता लांबट झालंय. टाके मोजताना तर दर वेळी चुकते.

पट्टीवरचं माप स्वेटर आणि शालींसाठी असतं. तिथे वीण सैल आणि लवचिक हवी. बाहुलीची वीण घट्टच पाहिजे, म्हणून पट्टीवरच्या मापापेक्षा एक ते दीड मिमी बारीक सुई घ्यायची. त्या लोकरीला अडीच किंवा तीनची सुई लावून बघा. पहिल्या दोन फेऱ्या बोटं दुखतील, मग हाताला सवय होईल. विणलेला तुकडा खिडकीसमोर धरून थोडा ताणायचा. टाक्यांच्या मधून उजेडाचे ठिपके दिसले, तर कापूसही दिसणारच.

आता डोक्याचं. जादुई रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या सुरुवातीच्या फासात, ६ मुके खांब (क्रोशाचे साधे, बुटके टाके) घातले की दर फेरीला सहा-सहा वाढवत जायचं: १२, १८, २४, ३०, ३६. मग ३६ वरच सहा फेऱ्या सरळ घ्यायच्या आणि आलो तसंच सहा-सहा घटवत परत ६ वर यायचं. डोकं लांबट होतं ते बहुतेक वेळा मधल्या सरळ फेऱ्या जास्त झाल्यामुळे. फेरी कुठे संपली ते कळलं नाही, की सहाच्या आठ कधी झाल्या ते समजत नाही. आपण गोल-गोल चढत जातो, फेरी जोडत नाही, त्यामुळे शेवट डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून दर फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवायचा आणि फेरी झाली की तो वर सरकवायचा. मी इतकी वर्षं विणतेय, तरी माझ्या डब्यात लाल दोऱ्याचे असे दहाबारा तुकडे कायम असतात.

आणखी एक. तुमच्या सशाची आतली बाजू बाहेर आली आहे का, ते पाहा. सुलट बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, उलट बाजूला आडव्या दांड्या दिसतात. पाचसहा फेऱ्यांनंतर वाटी आपल्याकडेच वळते आणि नवशिके तशीच विणत राहतात. ती मोज्यासारखी उलटून घ्या. उजव्या हाताने विणताना बाहेरची बाजू तुमच्याकडे आणि सुई तुमच्या जवळच्या काठावर असली, की समजा बरोबर आहे.

घटवताना भोकं पडत असतील तर दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे पदर सुईवर घ्या, दोरा ओढून त्या दोन्हींतून काढा आणि मग नेहमीसारखा मुका खांब पुरा करा. जोड शोधूनही सापडणार नाही.

मैत्रिणीचं बाळ सात महिन्यांचं आहे. त्याच्यासाठी हत्ती विणलाय. मागून चकती बसवून पक्के करायच्या प्लास्टिकच्या डोळ्यांच्या पाकिटावर ‘सेफ्टी आय’ असं लिहिलंय, म्हणजे ते लावायला हरकत नाही ना?

हरकत आहे. कृपया लावू नका.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या भाच्याला दात येत होते तेव्हा मी त्याला असाच हत्ती दिला होता, ८ मिमीच्या काळ्या डोळ्यांचा. तो दिवसभर त्याचं डोकं चावायचा. पंधरा दिवसांनी वहिनीला अंथरुणात एक डोळा सापडला, मागच्या चकतीसकट. चकती सुटलीच नव्हती. चावून, ओढून टाके इतके ताणले गेले होते की अख्खा डोळा चकतीसह त्यांच्यामधून बाहेर आला. मूल सुखरूप होतं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. डोळा सुरक्षित असला तरी त्याला धरून ठेवायला शेवटी आपली वीणच असते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मी तेव्हापासून डोळे दोऱ्यानेच काढते.

काळ्या सुती दोऱ्याने एकाच जागी चारपाच आडवे टाके एकावर एक घ्या, मिटलेल्या पापणीसारखा छोटा कंस काढलात तर झोपाळू हत्ती होईल. मणी नको, बटण नको, गळ्यात रिबीन नको, सोंडेत तार तर मुळीच नको. सोंड आणि कान दोरा दुहेरी घेऊन सगळीकडून शिवा आणि मग तुमच्या पूर्ण ताकदीने ओढून पाहा. निघायचंच असेल तर ते तुमच्या हातात निघू दे. दोरा सुती असावा, केसाळ लोकर नको, कारण तिचे तंतू बाळाच्या तोंडात जातात. हत्ती रंगीत असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर तो दाबून रंग जातो का ते बघा. आणि मैत्रिणीला एवढं नक्की सांगा, की वर्षाच्या आतलं बाळ झोपताना पाळण्यात कुठलंही मऊ खेळणं ठेवायचं नाही, हा हत्तीसुद्धा नाही.

आमचे सर निवृत्त होताहेत. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना त्यांचीच बाहुली द्यायचं ठरवलंय. मी दोनदा विणली, दोन्ही वेळा गोंडस बाळ तयार झालं! सर कुठेच दिसत नाहीत. चेहरा कसा आणायचा?

हे पत्र मी दोनदा वाचलं, इतका मला हा प्रश्न जवळचा आहे.

तुमच्या बाहुलीचं बाळ का होतंय, त्याला कारण आहे. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ साली मांडलं होतं की मोठं डोकं, उंच कपाळ, चेहऱ्यावर खाली बसलेले मोठे डोळे आणि फुगीर गाल दिसले की माणसाला ते लहान मूल वाटतं आणि माया दाटून येते. आपल्या छोट्या बाहुल्यांचे बहुतेक नमुने याच मापाचे असतात, म्हणूनच त्या गोड दिसतात. ३६ टाक्यांच्या डोक्यात डोळे मध्यापेक्षा फेरीभर खाली आणि सातआठ टाक्यांच्या अंतरावर लावले, की बाळ झालंच म्हणून समजा.

तुमच्या सरांचे डोळे वर न्या, डोक्याच्या मध्यावर किंवा त्याच्याही एक फेरी वर. अंतर पाच टाक्यांवर आणा. आकार लहान घ्या, ५ किंवा ६ मिमी, ही बाहुली मोठ्या माणसाच्या टेबलावर बसणार आहे म्हणून प्लास्टिकचे चालतील. डोकं थोडं लहान आणि धड लांब ठेवा. एवढ्यानेच वय दिसायला लागेल.

डोळे पक्के करायची घाई मात्र करू नका. चकती एकदा बसली की निघत नाही. घटवायला सुरुवात केल्यावर, गळ्याचं तोंड अजून मोठं असताना, थोडा कापूस तात्पुरता भरा आणि काळ्या डोक्याच्या टाचण्या डोळ्यांच्या जागी खोचा. हातभर लांब ठेवून बघा. एक टाका आत, एक फेरी वर, असं हलवत राहा. मी एकदा अर्धा तास टाचण्या हलवत बसले होते आणि एका क्षणी समोरून कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटलं. तीच जागा. नाक आणि तोंडसुद्धा टाके मोजून ठरवू नका. उजव्या हाताने विणलेल्या या गोल विणीत टाके फेरीगणिक जरा-जरा उजवीकडे सरकत जातात. एकाच टाक्याच्या रेषेत खाली आलात तर तोंड नाकाखाली येणार नाही, बाजूला जाईल. इथे डोळ्यांवर विश्वास ठेवा. टाचण्या लावल्या असतील तेवढ्या मोजून काढा, एकही आत राहता कामा नये.

भुवया शेवटी काढा, पण त्यांच्यावर वेळ घालवा. नाकाकडचं टोक खाली असलं तर माणूस रागीट दिसतो, कानाकडचं टोक खाली आलं तर मवाळ. एकेका टाक्याची गंमत आहे ही. तुमचे सर कडक होते की प्रेमळ, हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

आणि सगळंच करायला जाऊ नका. अर्ध्या वितीच्या बाहुलीत नाकपुड्या आणि सुरकुत्या बसत नाहीत. तुम्ही लिहिलंय की सरांना जाड मिश्या आहेत, चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला असतो आणि खांद्यावर कापडी पिशवी असते. या तीन गोष्टी पुरेत. मिशीसाठी लोकरीचे छोटे तुकडे ओठांवर गाठ मारून लावा, सुईच्या टोकाने पिंजा आणि मग कात्रीने आकार द्या. पिशवी विणताना तिचा रंग मात्र खरा असू दे. तुमच्या वर्गातल्या कुणाला तरी तो आठवत असेल, विचारा.

मी डावखुरी आहे, बारावीत शिकते. नमुना उलटा करून घ्यावा लागतो का?

लिहिलेला नमुना जसाच्या तसा चालतो गं, टाके तेवढेच आणि फेऱ्याही तेवढ्याच. तू विणशील ती फेरी फक्त उलट दिशेने जाईल, आणि टाके उजवीकडे सरकण्याऐवजी डावीकडे सरकतील. रंगाची आकृती असेल तर ती उलट बाजूने वाच, नाहीतर चित्र आरशातल्यासारखं येईल. कुणी उजव्या हाताने शिकवत असेल तर शेजारी न बसता समोर बस.

ऑफिसात एक बाहुली दिली, तेव्हापासून सगळे म्हणतात, ‘मलापण एक करून दे ना, तुला काय, टीव्ही बघता बघता होते!’ नाही म्हणवत नाही आणि आता विणायलाच नको वाटतं. काय करू?

वर सांगितलेल्या डोक्याचे टाके एकदा मोजून बघा. वाढवताना १२६, मधल्या सहा फेऱ्यांत २१६, घटवताना ९०, एकूण ४३२ मुके खांब. ते नुसतं डोकं झालं. मग धड, हात, पाय, केस, कपडे, आणि सगळ्यात वेळ खाणारी जोडणी. मला पूर्ण बाहुलीला आठदहा तास लागतात आणि माझा हात चांगला बसलेला आहे. उंची दुप्पट हवी म्हणाल तर वीण चौपट आणि भराव आठपट लागतो, हेही लोकांना ठाऊक नसतं.

म्हणून मागणाऱ्यांवर रागावू नका, त्यांना खरंच कल्पना नसते. हा ४३२ चा आकडा सरळ सांगा. मी तो सांगितल्यावर पुन्हा कुणी ‘तुला काय’ म्हटलेलं मला आठवत नाही. ज्यांना खरी आवड आहे त्यांना शेजारी बसवून साखळी, म्हणजे क्रोशाचा सुरुवातीचा टाका, शिकवा. बाकीच्यांना ‘या वर्षी माझी तीनच माणसं ठरली आहेत’ एवढं सांगितलं तरी पुरे. मी दर वर्षी तीनच नावं लिहून ठेवते. त्या माणसाचा विचार करत विणते, म्हणून विणायला नको होत नाही. तुमचं मन विटलंय ते विणण्याला नाही, दुसऱ्याच्या घाईला. महिनाभर सुई बाजूला ठेवा. मनगटालाही विश्रांती मिळेल, नाहीतर घट्ट वीण त्याच्यावरच येते. पुन्हा सुरू कराल तेव्हा अर्ध्या तासाला एकदा तरी हात मोकळे सोडा.

बाहुलीची मान डुगडुगते.

मानेची फेरी जास्त आवळली गेली आहे आणि तिथे कापूस कमी आहे. धडाच्या वरच्या टोकाला १६ ते १८ टाके ठेवा, कापूस चिमटीचिमटीने, वाटतो त्याहून जास्त दाबून भरा, आणि डोकं त्याच्याभोवती दोनदा फिरून शिवा.

चार वर्षांपूर्वी नातीला बाहुली करून दिली होती. आता तिचा एक हात लोंबतोय, पोटावर भोक पडलंय, रंग मळलाय. सून म्हणते, नवी करा. नात मात्र हीच हवी म्हणून अडून बसली आहे. दुरुस्त होईल का?

होईल, आजी. नातीचं ऐका.

आधी भोक बंद करा, मगच धुवा, नाहीतर पाण्यात कापूस बाहेर येईल. भोकाच्या काठावर सुटलेले टाके एकेक करून सुईवर किंवा दोऱ्यात पकडा, म्हणजे आणखी उसवणार नाही. मग त्याच जाडीच्या दोऱ्याने शेजारच्या टाक्यांचे व्ही सुईने पुन्हा काढत या. फार मोठं भोक असेल तर छोटं गोल ठिगळ विणून वर शिवा, सहा आणि बारा टाक्यांच्या दोन फेऱ्या पुरतात. त्याला खिसा करून दिलात तर नातीला आवडेल. हात पूर्ण काढून, नवा कापूस भरून, सगळीकडून पुन्हा शिवा. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि हवेशीर जागी आडवी वाळवा. आतपर्यंत वाळायला दोन दिवस लागू शकतात.

जुन्या दोऱ्याचा रंग आता मिळणार नाही, मिळाला तरी नवा तुकडा वेगळा दिसेल. तो दिसू दे. मी हल्ली कुणालाही बाहुली देताना त्याच लडीतला दोनतीन मीटर दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून सोबत देते, पुढच्या दुरुस्तीसाठी. तुमच्याकडे उरलेल्या लडींची पिशवी असेल तर आधी तिथे शोधा, तळाशी.